डेल्बर्ट रिझनरचं अडकणारं पिस्तूल

डेल्बर्ट रिझनरच्या पिस्तुलात कारखान्यातून आलेली म्हणावी अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे सांगाड्यावर कोरलेला नंबर. बाकी सगळं त्याने बदललं होतं. नंबरही बदलला असता, पण त्यासाठी तुरुंगात जावं लागतं आणि तुरुंगात नेमबाजीची सोय नाही.

मी गेली चाळीस वर्षं या खोऱ्यात बंदुका दुरुस्त करतोय. हरणाच्या शिकारीला गेलेल्या माणसाने नदीत पाडलेल्या रायफली दुरुस्त केल्या. नवऱ्यावर चिडून बायकोने डुकरांच्या चिखलात फेकलेली शॉटगन दुरुस्त केली. एका पाद्रीबुवांचं पिस्तूल तर मी मधमाश्यांच्या पोळ्यातून काढलंय, आणि ते तिथे कसं गेलं हे त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. पण चांगलं चालणारं पिस्तूल स्वतःच्या हाताने, प्रेमाने, टपालाने सुटे भाग मागवून मागवून बंद पाडणारा माणूस म्हणजे डेल्बर्ट. अशा माणसाबद्दल कीव वाटायला हवी असं माझी बायको म्हणते. मला वाटत नाही.

त्या वर्षी मात्र त्याचं पिस्तूल अडकणं ही नुसती गंमत राहिली नव्हती. आमच्या क्रुकेड फोर्क क्लबचा दर ऑक्टोबरात डोंगरापलीकडच्या क्लबशी सामना असतो. आमचे चार नेमबाज, त्यांचे चार. समोर उभ्या केलेल्या लोखंडी प्लेटा, हातात पिस्तूल, घड्याळ चालू. आमच्या चारातल्या तीन जागा ठरलेल्या होत्या: मी, गारलँड प्रॅटर आणि मधमाश्यांवाले पाद्रीबुवा. चौथी जागा सव्वीस वर्षं डेल्बर्टच्या बापाची होती. क्लोव्हिस रिझनर. कोळशाच्या खाणीत आयुष्य काढलेला माणूस. आता फुप्फुसात कोळसा भरलेला, नाकात प्राणवायूची नळी, आणि पिकअप ट्रकमधून खाली उतरायचं म्हटलं तरी दोघांचा आधार लागायचा. पुढचा ऑक्टोबर तो बघणार नाही असं डॉक्टरने सांगितलं होतं आणि ते त्यालाही माहीत होतं, आम्हालाही. आपल्या जागी पोरगा उभा राहिलेला बघायचा, एवढंच त्याला हवं होतं. डेल्बर्टलाही तेच हवं होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात बापलेकांचं एकमत झालेली ही बहुधा पहिलीच गोष्ट.

आडवी आली ती सासू. ओमा जीन सॅलियर, वय वर्षं एकाहत्तर, डेल्बर्टच्या बायकोची, ट्वायलाची आई. तिनेही चौथ्या जागेसाठी नाव दिलं. तिचं पिस्तूल अगदी डेल्बर्टच्याच बनावटीचं, पण कारखान्याबाहेरचं तिने त्यात काहीही घातलेलं नव्हतं. साफसुद्धा फारसं करायची नाही. विचारलं तर म्हणायची की शिलाई मशीन आणि नवरा, दोन्ही चालत असताना उघडून बघायचे नसतात.

निवड सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी. नियम साधा. पाच प्लेटा, चार फेऱ्या. पिस्तूल अडकलं तर घड्याळ थांबत नाही.

आता या पिस्तुलाची कथा सांगतो. पिस्तुलाचं काम कुणालाही कळेल इतकं सरळ असतं. गोळी सुटली की तिच्या धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, मग स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि जाताजाता ती मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत सारते. मागे, पुढे. एवढंच. धक्का आणि स्प्रिंग यांचं जमलं की झालं. नवराबायकोचं जमावं तसं. फार प्रेम नको, एकमेकांना पुरून उरले की संसार चालतो. या दोघांच्या मध्ये डेल्बर्ट शिरला.

आधी त्याने स्प्रिंग बदलली आणि नरम घातली. मग स्लाइडवर लाल ठिपका दाखवणारी काच बसवली. काचेच्या वजनाने स्लाइड जड झाली. मग खटका हलका करणारा संच आला. मग नळीच बदलली, लांब नळी घातली, आणि तिच्या तोंडावर भोकं पाडलेला एक ठोकळा बसवला. या ठोकळ्यातून वायू वर सुटतो आणि पिस्तूल वर उडत नाही. ठोकळा काम चांगलं करायचा, हे मी नाकारत नाही. इतकं चांगलं की पहिल्या दिवशी त्याच्या वाऱ्याने शेजारच्या रांगेतल्या गारलँडची टोपी उडाली ती कुंपणापलीकडे शेजारच्या शेतवाल्या हिगिन्सच्या गाईने खाल्ली. पण तो ठोकळा धक्का खातो. धक्का खाल्ला की स्लाइड पुरती मागे जात नाही. म्हणून डेल्बर्टने स्प्रिंग आणखी नरम केली. इतकी नरम की मागे गेलेली स्लाइड पुढे यायला कंटाळायची. दमट हवेत तर ती अर्ध्यातच थांबून विचार करायची. शेवटी डेल्बर्ट पिस्तुलाचं तोंड उतारासारखं खाली धरून उभा राहायला शिकला, म्हणजे स्लाइड निदान आपल्या वजनाने तरी घसरत येईल.

या प्रत्येक पायरीवर त्याला सल्ला देणारा माणूस म्हणजे गारलँड. गारलँड वाईट माणूस नाही, तो फक्त रोज संध्याकाळी फोनवर व्हिडिओ बघतो. शनिवारच्या न्याहारीला आम्ही सगळे क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. बायका गरम, मऊ पावासारखी बिस्किटं आणि सॉसेजची दाट ग्रेव्ही करतात. पिस्तूल अडकलं की डेल्बर्ट ते टेबलावर ठेवायचा आणि टेबलाभोवतीचा प्रत्येक जण ग्रेव्ही लागलेल्या बोटाने एकेका भागाकडे दाखवायचा. स्प्रिंग. मॅगझिन. पुंगळी ओढणारी आकडी. आणखी एक स्प्रिंग. काढून टाक असं कुणीच म्हणायचं नाही, घाल असंच म्हणायचे. माणसं आजारी शेजाऱ्याला औषधं सुचवतात तशी, आणि तितक्याच अकलेने.

ऑगस्टच्या सरावात त्याचं पिस्तूल वीस गोळ्यांत अकरा वेळा अडकलं. पुंगळी बाहेर न पडता स्लाइडच्या फटीत उभी राहायची, धुराड्यासारखी. अकराव्या वेळी ती त्याने चिडून बोटाने उपटायला घेतली, बोट भाजलं, आणि ट्रकमध्ये बसलेल्या बापाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने येशूचं नाव घेतलं, पण प्रार्थनेसारखं नाही. ओमा जीन शेजारी होती. तिने वीस गोळ्या झाडल्या, वीस प्लेटा पाडल्या आणि पुंगळ्या वेचून पर्समध्ये टाकल्या.

त्या दुपारी डेल्बर्ट माझ्या दुकानात आला. पिस्तूल फडक्यात गुंडाळून आणलं होतं, अपघात झालेल्या मांजराला आणावं तसं.

"हॉलिसकाका, निवडीला पाच आठवडे राहिलेत. काय घालू सांगा."

मी म्हटलं, "काही घालू नकोस. काढ."

मग त्याला नीट सांगितलं. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून बार काढायचा. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागेच अडकून राहायला हवी. आम्ही मागच्या अंगणात ते करून पाहिलं. दहा वेळा केलं, एकदाही राहिली नाही. म्हणजे स्लाइड पुरती मागे जातच नव्हती. आता ती का जात नाही हे शोधायचं तर पिस्तूल आधी कारखान्यातून आलं तसं करायचं, ते चालतंय ना बघायचं, मग एकेक नवा भाग घालत जायचा. ज्या भागानंतर अडकेल तो भाग चोर. यात अक्कल लागत नाही, फक्त धीर लागतो. म्हणूनच हे कुणी करत नाही.

डेल्बर्ट खाली बघायला लागला. मूळचे भाग कुठे आहेत म्हणून विचारलं तर म्हणाला, बदलले. म्हणजे अदलाबदलीच्या टेबलावर.

ही आमच्या क्लबची एक खोड आहे. न्याहारीच्या शेडच्या कोपऱ्यात एक टेबल असतं. नको असलेला भाग तिथे ठेवायचा, हवा असलेला उचलायचा, पैशाचा प्रश्न नाही. पण दिलेली वस्तू परत हवी असेल तर एक नियम आहे, आणि तो माझ्या सासऱ्याने घातला, देव त्याला क्षमा करो. भर न्याहारीत उभं राहायचं आणि मोठ्याने सांगायचं की ही वस्तू मी का दिली, तिच्या जागी काय घातलं आणि ते का चाललं नाही. मगच समोरचा परत देतो. असं कुणी करत नाही. चाळीस वर्षांत फक्त दोघांनी केलं, आणि त्यातला एक नंतर टेनेसीला राहायला गेला.

डेल्बर्टचे मूळ भाग पाच जणांकडे गेले होते.

मला वाटलं, हा करणार नाही. पण पुढच्या शनिवारी तो उभा राहिला. बाप बाहेर ट्रकमध्ये काच खाली करून बसला होता, आत काय चाललंय ते त्याला सगळं ऐकू येत होतं. डेल्बर्टने घसा खाकरला आणि सुरुवात केली. मूळची नळी त्याने गारलँडला दिली होती, कारण गारलँडनेच सांगितलं होतं की लांब नळी घाल. हे ऐकताना गारलँड ग्रेव्हीत फार मन लावून बघत होता. खटक्याचा संच पाद्रीबुवांकडे गेला होता. तो देताना त्यांनी डेल्बर्टकडून नम्रतेवरचं एक वचन म्हणवून घेतलं, पूर्ण, संदर्भासकट. स्लाइडवरची मूळची माशी, म्हणजे नेम धरायचं टोक, एका बाईने कानातल्या डुलासारखी वापरायला घेतली होती. तिने ती काढून दिली, पण फार सुंदर दिसत होती असं म्हणत. स्प्रिंगची दांडी तर हिगिन्सच्या कोंबड्यांच्या खुराड्याला कडी म्हणून लागली होती. ती काढल्यावर त्या रात्री कोल्ह्याने दोन कोंबड्या नेल्या असं हिगिन्स सांगतो. पण हिगिन्सने एका हंगामात सत्तावीस कोल्हे पाहिलेले आहेत, आणि त्यातला एक टोपी घातलेला होता.

राहिली मूळची स्प्रिंग. ती ओमा जीनकडे होती. तिच्या पिस्तुलातली झिजली होती, म्हणून टेबलावरची नवीकोरी उचलून तिने आत टाकली होती. आता तीच परत द्यायची म्हणजे निवडीच्या तोंडावर आपली जुनी, थकलेली स्प्रिंग पुन्हा घालायची. सगळं टेबल तिच्याकडे बघायला लागलं.

तिने डेल्बर्टला पूर्ण वाक्य दोनदा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा जरा सावकाश. मग पर्समधून पिस्तूल काढून तिथेच बिस्किटांच्या ताटाशेजारी ते उघडलं, स्प्रिंग काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"घे," ती म्हणाली. "तुझ्या पिस्तुलाला हरवून मला काय मिळणार? मला तुला हरवायचंय."

पुढच्या आठवड्यात मी ते पिस्तूल जोडलं. सगळे भाग धुतले, तेल दिलं, कारखान्याचा माणूस दारात उभा राहिला असता तर त्याने आपलं लेकरू म्हणून ओळखलं असतं. मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं. दुसऱ्याचा मूर्खपणा निस्तरताना माणसाला बरं वाटतं, त्यात खोटं कशाला बोलू. शनिवारी आम्ही क्लबवर गेलो. क्लोव्हिसचा ट्रक रांगेच्या मागेच उभा होता. दहाबारा माणसं तमाशा बघायला गोळा झाली. मी मॅगझिनमध्ये त्यानेच आणलेली पाच काडतुसं भरून डेल्बर्टच्या हातात दिली आणि म्हटलं, मार.

पहिली गोळी सुटली. पुंगळी फटीत उभी राहिली, धुराड्यासारखी.

त्याने ती उपटली. दुसरी सुटली. पुन्हा धुराडं. तिसरीला पुंगळी बाहेर पडली पण पुढचं काडतूस आत गेलं नाही. मागे कुणीतरी हसलं. गारलँड म्हणाला की त्याला आधीच वाटत होतं, दोष सांगाड्यातच आहे, नवा सांगाडा मागवायला हवा.

मला काय वाटलं ते लिहिण्याजोगं नाही. चाळीस वर्षं माणसं माझ्यावर विश्वास ठेवतात तो याच एका गोष्टीवर, की मूळचं पिस्तूल चालतं. आणि समोर मूळचं पिस्तूल, माझ्या हाताने जोडलेलं, चालत नव्हतं. डेल्बर्ट माझ्याकडे बघत होता. पाच जणांपुढे नाक घासून त्याने जे जमवलं होतं ते त्याच्या हातात होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला. क्लोव्हिस हॉर्नवर तळहात दाबून बसला होता, आणि आम्ही जाईपर्यंत त्याने तो उचलला नाही.

"परत मार," तो मला नाही, पोराला म्हणाला. "इथून. काचेजवळून."

डेल्बर्टने काचेला पाठ करून एक गोळी मातीच्या बांधात मारली. फुस्. जड पुस्तक गादीवर पडावं तसा आवाज. आजवर तो ठोकळा लावलेला असायचा, त्याच्या गडगडाटात हा आवाज कुणाला ऐकूच आला नव्हता. आता आला.

क्लोव्हिसने डोळे मिटले. "हा माझा आवाज आहे," तो म्हणाला. "काडतुसं कुठून आणलीस?"

डेल्बर्टची छाती फुगली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. त्याने सांगितलं की बाप त्यांच्याकडे राहायला आला तेव्हा शेडमध्ये काडतुसं भरायचं जुनं यंत्र सापडलं, आणि त्याच्या डब्यात क्लोव्हिसच्या अक्षरातलं कार्ड, दारू किती घालायची त्याचं. दोन हिवाळे बसून त्याने चार हजार काडतुसं भरली. कार्डावर आहे तितकीच दारू, दाण्यादाण्याने मोजून, एक दाणा इकडेतिकडे नाही. डॅडीला सांगितलं नव्हतं, कारण सामन्याच्या दिवशी सांगायचं होतं.

ते कार्ड आमच्याकडे देवघरातल्या पोथीसारखं. क्लोव्हिसच्या हाताला बाराही महिने लोण्यासारखा मऊ झटका बसायचा, पिस्तूल हलायचंच नाही, आणि सगळं खोरं म्हणायचं की गुपित त्याच्या काडतुसांत आहे. अर्ध्या क्लबने ते कार्ड कधी ना कधी उतरवून घेतलं होतं. गारलँडने घेतलं होतं. पाद्रीबुवांनी घेतलं होतं, बायबलच्या मागच्या पानावर. आणि आता आठवतंय, की त्या अर्ध्या क्लबची पिस्तुलं पंचवीस वर्षं अडकत होती, आणि दर वेळी मी त्यांना नवी स्प्रिंग घालून देत होतो.

क्लोव्हिस हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता नळी निसटली. डेल्बर्टने ती नीट बसवली. मग म्हातारा म्हणाला, "अरे शहाण्या, पंच्याऐंशी साली खाणीचं छत अंगावर आलं तेव्हा माझं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाला, नेमबाजी सोड. मी दारू कमी केली. ही आजाऱ्याची पेज आहे. तुला कसलं दुखणं झालंय?"

डेल्बर्टने हातातलं पिस्तूल उलटसुलट करून बघितलं.

"माझ्या पिस्तुलात त्या पेजेला पुरेल अशी नरम स्प्रिंग घातली होती," क्लोव्हिस म्हणाला. "कुणी घातली, ते विचार तुझ्या या काकाला."

मी घातली होती. माझ्याच बाकावर. शपथेवर सांगतो, मी ते साफ विसरलो होतो. मला फक्त एवढं आठवत होतं की क्लोव्हिसच्या पिस्तुलाची स्लाइड काय मऊ चालते. तेव्हा त्या मऊपणाचं मीही चार जणांपुढे कौतुक केलं होतं. डेल्बर्टने पहिला भाग का बदलला हेही मी त्याला कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं की नव्या पिस्तुलात ही पेज भरली तेव्हाच ते पहिल्यांदा अडकलं होतं, आणि त्यावर गारलँडने नरम स्प्रिंग सांगितली होती. तिथून सगळी रांग लागली.

कुणीतरी क्लोव्हिसला विचारलं की मनगट बरं झाल्यावर त्याने पुन्हा पूर्ण दारू का भरली नाही.

"बरं झालंच नाही," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर जागा गेली असती."

एवढं बोलून त्याने काच वर केली. सव्वीस वर्षं आमच्या क्लबने ज्या हाताची पूजा केली तो हात मोडका होता, आणि आमच्यातल्या एकालाही ते कळलं नव्हतं. आम्ही स्वतःला नेम धरणारी माणसं म्हणवतो.

पुढे सगळं झटपट झालं. निवडीच्या सकाळी डेल्बर्ट हातात रिकामं मॅगझिन घेऊन उभा होता. चार हजार काडतुसं भरली होती, दुकानात कारखान्याची महिनाभर आली नव्हती, आणि मारायला एक नव्हतं. ओमा जीनने आपल्या पर्समधून कारखान्याच्या काडतुसांचा एक पुडा काढून त्याच्यापुढे सरकवला. पूर्ण दारूचा. आभार मानायला त्याने तोंड उघडलं तर ती म्हणाली की गप्प भर, तिला जेवायच्या आत घरी जायचंय, चुलीवर घेवड्याचा रस्सा आहे.

ती आधी उभी राहिली. जुनी स्प्रिंग, जुनं पिस्तूल. वीस गोळ्या, एकोणीस प्लेटा. एक चुकली तेव्हा तिने खांदे उडवले आणि पुढची पाडली.

मग डेल्बर्ट. पहिली गोळी सुटली आणि स्लाइड मागे गेली, खणखणीत, पुंगळी त्याच्या उजव्या खांद्यावरून हातभर लांब उडाली, पुढचं काडतूस आत गेलं. मागे गर्दीत एक सुस्कारा पसरला. मीही सोडला. दुसरी, तिसरी, चौथी. पिस्तूल नुकत्याच लग्न झालेल्या माणसासारखं कामाला लागलं होतं. आणि डेल्बर्ट प्रत्येक गोळीला डोळे मिटत होता.

दोन वर्षं त्याने पेज मारली होती, आणि वर तो ठोकळा लावून. पिस्तुलाला धक्का असतो हेच त्याच्या हाताला माहीत नव्हतं. खटका ओढायच्या आधीच त्याचं मनगट खाली झुकत होतं, येणाऱ्या धक्क्याला नमस्कार केल्यासारखं. पहिल्या फेरीत तीन प्लेटा पडल्या. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात चार, आणि त्यातली एक शेजारच्या रांगेतली होती, ती मोजली नाही. चौथ्यात तीन. पिस्तूल एकदाही अडकलं नाही. वीस पुंगळ्या त्याच्या उजव्या बाजूला गवतात पडल्या होत्या, सगळ्या एका ओळीत, एवढ्या टापटीप की कारखान्यात फोटो काढून लावाव्यात.

त्याने पिस्तूल मोकळं केलं, स्लाइड मागे ओढून आत बघितलं. रिकामं होतं. मग पुन्हा एकदा बघितलं. काहीतरी अडकलेलं सापडेल अशी आशा असावी. गारलँड पुढे होऊन काहीतरी म्हणणार होता, त्याच्या बोटावर ग्रेव्हीसुद्धा होती, पण डेल्बर्टच्या चेहऱ्याकडे बघून तो परत मागे गेला. गारलँड गप्प बसल्याची ही मला माहीत असलेली एकमेव घटना आहे, आणि तारीख मी लिहून ठेवली आहे.

डेल्बर्ट ट्रककडे गेला. मी मागोमाग गेलो, कारण मला ऐकायचं होतं. यात लपवण्यासारखं काही नाही.

क्लोव्हिसने काच खाली केली.

"आजवर तुझं पिस्तूल हरत होतं," तो म्हणाला. "आज तू हरलास."

"हो, डॅडी."

"मनगट खाली पाडतोस."

"हो."

"मोडल्यावर मी पण पाडायचो. म्हणून तर पेज केली." त्याने दाराची खिटी आतून उघडली. "बस इथे. हात दाखव."

डेल्बर्ट आत बसला. म्हाताऱ्याने त्याचं मनगट आपल्या वाकड्या हातात धरलं आणि ते कुठे ताठ ठेवायचं ते दाखवायला लागला, पुन्हा पुन्हा, पिस्तुलाशिवाय, नुसत्या रिकाम्या हाताने. मला वाटलं, पाच मिनिटं चालेल. दुपार झाली, ओमा जीन घेवडा शिजवून, जेवून, ताटं धुऊन परत आली, तरी ते दोघं ट्रकमध्येच होते.

ऑक्टोबरात चौथ्या जागेवर ओमा जीन उभी राहिली. क्लोव्हिसने सगळा सामना ट्रकमधून पाहिला, शेजारी डेल्बर्ट. प्रत्येक गोळीला म्हातारा काहीतरी बोलायचा आणि पोरगा मान हलवायचा. ओमा जीनच्या सगळ्या प्लेटा पडल्या. आम्ही मात्र दोन प्लेटांनी हरलो. त्या दोन्ही माझ्याकडून राहिल्या. माझ्या पिस्तुलाची स्प्रिंग त्या दिवशी जरा ढिली वाटत होती.